बाबांसाठी कॉइल

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी रात्री जागून एक यादी बनवत होते. तार कुठल्या गेजची, कापूस कुठला, बॅटरी किती अँपिअरची, टँक गळका तर नाही ना. फोनवर वीस-बावीस टॅब उघडे. आईला वाटलं, पोरगी सबमिशन करतेय. खरं तर मी बाबांसाठी व्हेप निवडत होते. तेही रेडिमेड नाही, 'रिबिल्डेबल'. म्हणजे ज्यातली कॉइल आपल्या हातानं वळायची, कापूस आपणच भरायचा आणि जळला की काढून नवा घालायचा, असा प्रकार.

हसू नका. ज्यांच्या घरात सिगारेट ओढणारे बाबा, काका किंवा आजोबा आहेत, त्यांना विचारा माणूस कुठवर जातो ते.

बाबांचं भोसरीत मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. वय 52, त्यातली 30 वर्षं सिगारेटची. दिवसाला दहा-बारा. पहिली सकाळी उठल्या उठल्या चहाच्या कपासोबत, शेवटची शटर ओढताना. पाच एचपीची मोटर बाबा आणि दुकानातला पोऱ्या मिळून टेम्पोतून उतरवायचे आणि एका दमात आत आणायचे. गेल्या गणपतीनंतर मी दुकानात गेले होते, तर बाबांनी मोटर मध्येच उंबऱ्यावर टेकवली. "पकड सुटली," म्हणाले. पकड सुटली नव्हती. छाती भात्यासारखी चालली होती, ते मला समोरून दिसत होतं.

घरचे उपाय सगळे करून झाले होते. आईनं शपथा घातल्या, पाकिटं लपवली, एकदा तर तीन दिवस अबोला धरला. मी पाचवीत असताना शाळेत तंबाखूविरोधी चित्रं काढायला लावली होती. ते चित्र मी बाबांच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. बाबांनी ते अजून काढलेलं नाही. रोज ते बघून शर्ट घालतात आणि शर्टाच्या खिशात पाकीट ठेवतात.

अशात लेस्टरहून मामेभावाचा, म्हणजे दादाचा व्हिडिओ कॉल आला. मामा-मामी गेली 20 वर्षं तिकडे असतात. मामासुद्धा पूर्वी भरपूर सिगारेट ओढायचा. "अगं, पप्पांची सिगारेट मी सोडवली," दादा म्हणाला, "तुझ्या बाबांना पण एक सेटअप करून देऊ. डिसेंबरमध्ये येतोय, बॅगेत घालून आणतो. मस्त रिबिल्डेबल घेऊ. तू इलेक्ट्रिकलची आहेस, कॉइल तू बनव."

मला भारीच वाटलं. बापाची सिगारेट लेकीनं ओहमच्या नियमानं सोडवली! मी लगेच कामाला लागले.

मुळात हे यंत्र एका मुलानंच बनवलं

आज आपण पाहतो ती ई-सिगारेट 2003 मध्ये होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टनं बनवली. तो स्वतः धडाधड सिगारेटी ओढायचा. त्याचे वडीलही ओढायचे, आणि ते फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले. त्याच्या आधी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसानं 1963 साली धूर नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण तेव्हा कुणाला त्यात रस नव्हता. होन लिकचं यंत्र मात्र चाललं आणि जगभर गेलं. गंमत म्हणजे, सिगारेट स्वतःच्या हातानं संपवायला निघालेल्या या माणसाची स्वतःची सिगारेट पुढची अनेक वर्षं पूर्ण सुटली नव्हती. हे वाचलं तेव्हाच मी जरा थांबायला हवं होतं.

कल्पना साधी आहे. माणसाला सिगारेटची ओढ लागते ती निकोटिनमुळे. झुरका मारल्यावर ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं. पण फुफ्फुसाची, हृदयाची वाट लागते ती मुख्यतः जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे. त्यातलं टार, कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची शेकडो रसायनं. मग जाळायचंच नाही. निकोटिन एका द्रवात मिसळायचं, तो द्रव तापलेल्या तारेनं वाफेत बदलायचा आणि ती वाफ ओढायची. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वास, झालं लिक्विड तयार. ही वाफ निरुपद्रवी नसते. निकोटिनचं व्यसन तर जसंच्या तसं राहतं. पण रोज दहा-बारा सिगारेटी ओढणाऱ्यानं पूर्णपणे वाफेकडे वळणं म्हणजे मोठं संकट सोडून लहान संकट पत्करणं, असं ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेचं मत आहे.

इथे एक वाक्य मधेच टाकते, कारण हे पान कोण वाचतं ते मला माहितेय. वरचा सगळा हिशोब आधीच सिगारेट ओढणाऱ्याचा आहे. कँटीनच्या मागे उभं राहून आंब्याच्या वासाचं डिस्पोजेबल ओढणाऱ्या आपल्या मित्रांचा नाही. ज्यानं कधी सिगारेट ओढलीच नाही त्याला व्हेपमधून मिळतं काय, तर नवं कोरं व्यसन. आणि चोरून विकल्या जाणाऱ्या त्या नळीत काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी व्हायला लागली होती. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले मृत्यू 68. मुख्य संशयित निघालं ते गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या लिक्विडमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट.

असो. माझ्या यादीकडे येते.

अडीच मिलिमीटर, सहा वेढे

रेडिमेड व्हेपमध्ये कॉइल कंपनीची असते. आठ-पंधरा दिवसांत जळका वास आला की ती फेकायची, नवी बसवायची. पॉडमध्ये तर अख्खं टोपणच बदलायचं. रिबिल्डेबलमध्ये मात्र टँकच्या आत एक छोटा धातूचा पाट असतो, त्यावर स्क्रू. आपण तार घ्यायची, एका सळीवर वळायची, तिची दोन टोकं स्क्रूखाली दाबायची, मग कॉइलच्या पोटातून कापसाची वात ओवायची. वातीची टोकं खाली लिक्विडच्या खाचांत सोडायची. वाचायला सोपं वाटतं. पण कापूस जास्त ठासला तर लिक्विड वर चढत नाही, वात कोरडीच जळते आणि घशात असा जळका झुरका जातो की डोळ्यांत पाणी येतं. कमी भरला तर सगळं लिक्विड खालून गळतं आणि खिशाला डाग. तार सगळीकडे सारखी तापली पाहिजे, मधूनच एखादा वेढा लाल झाला तर चिमट्यानं सरळ करायचा. हे सगळं आठवड्या-पंधरवड्याला.

फायदे? कॉइल काही रुपयांत पडते, रेडिमेडपेक्षा खूप स्वस्त. चव चांगली मिळते म्हणतात. आणि हवा तसा रेझिस्टन्स आपण ठरवू शकतो. हा शेवटचा मुद्दा मला फारच आवडला. 28 गेजची कँथल तार, अडीच मिलिमीटरच्या सळीवर सहा वेढे, हिशोब केला तर साधारण 1.1 ओहम. बॅटरी पूर्ण भरलेली असताना 4.2 व्होल्ट. म्हणजे पावणेचार अँपिअर, सोळा वॉट. वहीत आकृतीसकट मांडलं. पहिल्यांदाच अभ्यासातलं काहीतरी घरच्या माणसासाठी वापरतेय असं वाटत होतं.

सराव करायला तार हवी होती. बाबांच्या दुकानात सगळी तांब्याची, इनॅमलची तार. ती चालत नाही. मग शेजारच्या इस्त्री-शेगडी रिपेअरवाल्या काकांकडून हातभर नायक्रोम मागून घेतली आणि बाबांच्याच ड्रॉवरमधलं अडीचचं ड्रिल बिट घेऊन रात्री वेढे घालत बसले. माझे वेढे म्हणजे एक इकडे, एक तिकडे.

आता मामाकडे वळते. दादानं सांगितलेली गोष्ट ऐकून मला वाटलं, एकदा मामाशीच बोलावं, त्याला सुरुवातीला काय काय अडचणी आल्या ते यादीत धरता येईल. मामानं जे सांगितलं त्यात आणि दादाच्या गोष्टीत बराच फरक होता.

दादानं मामाला वाढदिवसाला जो पहिला सेटअप दिला तो रिबिल्डेबलच होता. दादाच्या आवडीचा. मोठा मॉड, दोन बॅटऱ्या, मोकळ्या हवेचा टँक, ढग सोडणारा. असल्या टँकमधून वाफ थेट छातीत ओढावी लागते, दीर्घ श्वास घेतल्यासारखी. सिगारेट तशी ओढत नाहीत. सिगारेटचा झुरका आधी तोंडात येतो, मग आत जातो. मामा 30 वर्षांच्या सवयीनं तसाच ओढायला गेला आणि खोकून खोकून बेजार झाला. वर लिक्विडमध्ये निकोटिन अगदी कमी, एका मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम. ढग सोडणाऱ्यांना तेवढं पुरतं, कारण ते वाफच इतकी ओढतात. मामाला पुरेना. "ढग दिसायचा खोलीभर," मामा म्हणाला, "पण तलफ काही भागायची नाही. मग मी मागच्या दारी जाऊन एक सिगारेट ओढून यायचो. तुझ्या दादाला वाईट वाटू नये म्हणून आल्यावर पुन्हा त्याचं यंत्र तोंडाला लावायचो." आणि कापूस? कापूस दादा बदलायचा, शनिवारी हॉस्टेलवरून आला की. बुधवारी जळला तर मामा शनिवारपर्यंत सिगारेटवर.

मामाची सिगारेट सुटली ती नंतर. शहराच्या धूम्रपानमुक्ती केंद्रात गेल्यावर. लेस्टरचं हे केंद्र त्या देशात पहिल्यांदा, 2014 मध्ये, ई-सिगारेट वापरून सिगारेट सोडायला मदत करू लागलेलं. तिथल्या बाईंनी मामाला विचारलेला पहिला प्रश्न होता, सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट पेटवता? दुसरा प्रश्न, चष्मा लागतो का? मग त्यांनी एक बटणही नसलेलं, पेनाएवढं पॉड दिलं. तोंडात झुरका घ्यायचं, घट्ट ओढीचं. त्यात निकोटिन 18 मिलिग्रॅम. तिकडे कायद्यानं मिलिलिटरला 20 पर्यंतच चालतं. सोबत दर आठवड्याला भेट. तीन महिन्यांत मामाची सिगारेट बंद झाली.

आणि दादानं दिलेला सेटअप? तो दादाच वापरतो.

फोन ठेवल्यावर मी माझ्या यादीकडे पाहिलं. त्यात एकही गोष्ट बाबांनी मागितलेली नव्हती. सगळं मला आवडलेलं होतं. तलफ येते तेव्हा ती पाच-दहा मिनिटं जोरात असते, मग ओसरते. त्या पाच-दहा मिनिटांत माणसाच्या हातात काय आहे यावर सगळं अवलंबून. बाबांच्या दुकानासमोर पंधरा पावलांवर टपरी आहे. तिथे सिगारेट पेटवायला पाच सेकंद लागतात. ज्या दिवशी माझी वात जळेल, त्या दिवशी बाबा मी कॉलेजातून येईपर्यंत थांबणार होते का?

मी मग जरा नीट वाचायला लागले, वस्तूंची परीक्षणं सोडून. 2019 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इंग्लंडमधला एक प्रयोग छापून आला होता. सिगारेट सोडू पाहणारे 886 जण. अर्ध्यांना निकोटिनच्या पट्ट्या, गम वगैरे, अर्ध्यांना ई-सिगारेट. समुपदेशन दोघांनाही. वर्षानंतर पहिल्या गटातल्या 9.9 टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटातल्या 18 टक्के लोकांची. जवळजवळ दुप्पट. व्हेपच्या बाजूनं बोलणारे हा प्रयोग हमखास सांगतात, आणि बरोबरच सांगतात. पण त्यात लोकांना जे यंत्र दिलं होतं ते साधं, भरून वापरायचं स्टार्टर किट होतं. कुणाला तार वळायला बसवलं नव्हतं. दुसरं म्हणजे 18 टक्के सुटले याचा अर्थ 82 टक्के सुटले नाहीत. आणि तिसरं, ई-सिगारेटच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यातले 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. गम-पट्टीच्या गटात असे फक्त 9 टक्के.

म्हणजे कुणी आपल्या आईसाठी-बाबांसाठी लंडनमध्ये, लेस्टरमध्ये व्हेप घेत असेल तर माझं मत आता पक्कं आहे. रिबिल्डेबल पहिलं नाही. सिगारेट सुटून वर्ष झालं, हाताला चाळा म्हणून आवडतंय, खर्च कमी करायचाय, मग खुशाल. आधी नाही. आणि बिनचिपचं, ज्याला मेकॅनिकल मॉड म्हणतात ते, कधीच नाही.

पण आम्ही लेस्टरमध्ये नव्हतो.

दादाच्या बॅगेत काय काय चालतं

हे खरं तर मी सगळ्यात आधी बघायला हवं होतं. सगळ्यात शेवटी बघितलं. दादाला विमानात बॅटरी कशी आणायची ते शोधत होते आणि कायदा समोर आला. आपल्याकडे 18 सप्टेंबर 2019 ला केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश आणला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक, जाहिरात, सगळं बंद. आत निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीला सहा महिने किंवा 50 हजार. दादाची बॅग म्हणजे आयातच.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. बाबांना मारणारी सिगारेट पंधरा पावलांवर. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे, तरी टपरीवर सुटीच जास्त खपते. आणि त्याहून कमी घातक म्हणतात ते यंत्र आणलं तर तुरुंग. हा कुठला न्याय? माझं अजूनही पूर्ण समाधान झालेलं नाही. पण दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून डिस्पोजेबल व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. कारणांत एक होतं शाळकरी पोरांच्या हातात गेलेली ती रंगीबेरंगी नळकांडी. तिकडची यंत्रणा, केंद्रं, आठवड्याची भेट हे सगळं सोबत असून ही गत. शिवाय आपला प्रश्नच वेगळा. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ 26.6 टक्के निघाले, पण ओढणारे त्यात फारच थोडे. बाकीचे मळतात, मिश्री लावतात, मावा-गुटखा खातात. त्यांना व्हेपचा काय उपयोग?

हे सगळं डोक्यात चालू असताना एका रविवारी बाबांना माझी वही सापडली. वहीत ड्रिल बिट, त्यावर माझी वाकडी कॉइल.

"शेगडीची तार आहे ही," बाबा म्हणाले. "कशाला गं?"

सांगितलं सगळं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबांनी ऐकून घेतलं, आकृती उलटी-सुलटी करून बघितली. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा चढवला.

"28 गेज कुठला? आपला एसडब्ल्यूजी का अमेरिकन?"

मी गप्प. मी तर बघितलंच नव्हतं. अमेरिकन 28 गेजची तार 0.32 मिलिमीटर, आपल्या एसडब्ल्यूजीची 0.38 च्या आसपास. इस्त्रीवाल्या काकांनी दिलेली तार आपल्या मापाची होती. माझा 1.1 ओहमचा हिशोब तिथेच गेला.

"आणि शॉर्ट झाली तर? फ्यूज कुठंय यात?"

चांगल्या मॉडमध्ये चिप असते बाबा, मी म्हटलं, ती तोडते. बिनचिपच्यात काही नसतं. रेझिस्टन्स चुकून 0.1 ओहम झाला तर 42 अँपिअर मागितले जातात, आणि चांगल्यातली चांगली बॅटरी साधारण वीस-पंचवीस झेपते. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच ते यंत्र बनवून बाजारात आणलंय. "तोंडासमोर?" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी माझी कॉइल उलगडली, तार दोन बोटांत ताणून सरळ केली आणि ड्रिल बिटवर सहा वेढे घातले. वेढ्याला वेढा चिकटून. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. तीस वर्षं स्टेटर भरणारा हात आहे तो. इतके दिवस मी समजत होते की बाबांना हे जमणार नाही, म्हणून मी करून देईन.

"हे मला जमेल गं," बाबा म्हणाले. "रोज जमेल. आवडेल पण. मग मी रोज हेच करत बसेन ना? सुटणार काय यातून?"

थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोडायची आहे. मला कुणी विचारलं नाही कधी, सोडायची आहे का. सगळे सोडा म्हणतात."

खिशातला नंबर

त्या रात्री बाबांच्या खिशातलं पाकीट मी पहिल्यांदा नीट वाचलं. त्या भयंकर चित्राशेजारी एक नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन. 2016 मध्ये सुरू झाली आणि 2018 च्या सप्टेंबरपासून हा नंबर पाकिटांवर छापणं सक्तीचं आहे. म्हणजे इतकी वर्षं तो बाबांच्या छातीला चिकटून होता आणि मी लेस्टरला फोन लावत होते. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तेवढंही मिळत नाही.

फोन बाबांनी स्वतः लावला, गच्चीवर जाऊन. मराठीत बोलायची सोय आहे. सोडायची तारीख ठरवायला सांगितली. मग जवळच्या एका सरकारी रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात गेलो. तिथेही डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच, उठल्यावर किती मिनिटांत? अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल तर व्यसन घट्ट मानतात. बाबांचं उत्तर होतं, पाच मिनिटं. म्हणून त्यांना चार मिलिग्रॅमची निकोटिन गम लिहून दिली आणि सोबत पट्टी. दोन मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळते, चारला चिठ्ठी लागते. गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

गम चावण्याची पद्धत कुणी सांगत नाही आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं. च्युइंगगमसारखी कचाकचा चावली तर निकोटिन लाळेसोबत पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस म्हणतो, गमनं काही होत नाही. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायची. असं अर्धा तास. आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी गम नाही, नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलंच जात नाही. बाबांची अख्खी अडचण या एका वाक्यात होती. त्यांची सिगारेट आणि चहा ही जोडी. आईनं मग सकाळचा चहा अर्धा तास पुढे ढकलला. आमच्या घरात याहून मोठी क्रांती झालेली नाही.

पहिले तीन दिवस कठीण होते. बाबा पोऱ्यावर ओरडले, आईवर ओरडले, एका गिऱ्हाइकाशी भांडले. दुसऱ्या आठवड्यात झोप लागेना. एकविसाव्या दिवशी दुकानात एक मोटर टेस्टिंगला लावताच जळली, पूर्ण वाइंडिंग वाया, आणि बाबांनी टपरीवर जाऊन एक ओढली. घरी येऊन स्वतःच सांगितलं. मी काही बोलले नाही, आई पण नाही. आईला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा गच्चीवर जाऊन फोन लावला.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांचाच 50 वर्षं पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला आयुष्याची साधारण दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साडेपाच धरू." त्यांचा हिशोब चोख असतो.

हे लिहितेय तेव्हा पंच्याण्णव दिवस झालेत. ती एक धरून. पट्टी बंद झालीये, गम दिवसाला तीनवर आलीये. बाबांनी वळलेली ती कॉइल दुकानातल्या स्क्रूच्या डबीत पडून आहे. पोऱ्यानं विचारलं तर म्हणाले, मॅडमचं प्रोजेक्ट आहे. पाच एचपीची मोटर अजून एका दमात आत जात नाही, पण उंबऱ्याच्या पुढे दोन फूट जाते.

काल मामाचा फोन होता. दादा डिसेंबरात रिकाम्या हातानं येऊन गेला, याबद्दल मामानं त्याची चेष्टा केली. मग बाबांची चौकशी केली. सगळं ऐकून जरा थांबला आणि म्हणाला, "माझी सिगारेट सुटली गं, पण हे पेन काही सुटेना. चार वर्षं झाली. जरा बाबांना दे बरं फोन. ती गम नक्की कशी चावायची म्हणालीस?"